नमुना

अजून कुठेच गेलो नाही आम्ही.
ग्वाल्हेर, झाशी रोडवरची कचेरी, दुसरा मजला.
फेब्रुवारीच्या उन्हाला पाठ देऊन तिघं बसलोय:
सिकरवार साहेब, नवा मुलगा नाफडे, आणि मी.
टेबलावर मुरैन्याची गजक, मोसमातली शेवटची,
तिच्या चुऱ्याखाली जिल्ह्याचा नकाशा.

विषय : हातपंप, देखभाल व दुरुस्ती.
आधी समजून घ्यायचं, संशय मागाहून.
पैसा कुठून निघतो, कुणाच्या सहीपाशी थांबतो,
कुणाच्या सहीवाचूनही पुढे सरकतो.
नाफडे पेन्सिलीने बाण काढत जातो.
एक बाण कागदाबाहेर जातो.
साहेब म्हणतात, तो खोडू नकोस.

जुन्या तपासणी अहवालांचा गठ्ठा सोडला.
एक परिच्छेद बावीस वर्षं प्रलंबित :
साठा नोंदवहीत अठरा पाइपांचा मेळ लागत नाही.
विभागाचं उत्तर : माहिती मागवली आहे.
बावीस वर्षं ती माहिती येतेच आहे,
मला दिसते, चंबळच्या घळींमधून पायी,
दमून एखाद्या पंपापाशी टेकलेली.

मग उंबरठा.
किती रकमेखाली आपण वाकून बघायचं नाही.
साहेब आकडा सांगतात, मी लिहिते,
आणि लिहिता लिहिता बिलांच्या यादीवर नजर जाते :
चार हजार नऊशे साठ.
चार हजार नऊशे ऐंशी.
चार हजार नऊशे पंच्याण्णव.
पाच हजारांना वरची मंजुरी लागते.
अख्ख्या जिल्ह्याचे पंप
इतक्या शिस्तीत बिघडतात,
कवायतीला उभ्या पोरांसारखे, रेषेच्या बोटभर अलीकडे.
कुणी बोलत नाही.
सिकरवार साहेब गजकेचा तुकडा मोडतात,
दोन्ही हातांत दोन भाग तोलून बघतात,
आणि उंबरठ्याचा आकडा स्वतःच खोडतात.

प्रश्नांच्या रकान्यात मी लिहिलं होतं : पाणी येतं का?
साहेब म्हणाले, "ये सवाल नहीं मॅडम, ये तो प्यास है.
निकष लिखिए."
तेव्हा तहानेला निकष लावला :
तक्रारीपासून किती दिवसांत दुरुस्ती,
मिनिटाला किती लिटर,
परिपत्रक कुठलं, दिनांक काय.
तीन ओळींत बसली ती.
थोडी समासात उरली.

गावं संगणकाने निवडली.
अकराशे बेचाळीस पंपांतून चाळीस.
रामकलीचं गाव त्यात नाही.
रामकली आमच्या मजल्याची फरशी पुसते,
दिवाळीनंतर कधीतरी म्हणाली होती,
"हमारे पुरा का नल तो दो साल से बस खाँसता है."
पुन्हा बटण दाब, असं बोट म्हणालं.
नाही दाबलं.
दुसऱ्यांदा टाकलेला फासा माझं ऐकायला लागतो.

पण नियमात एक झरोका आहे :
हेतुपुरस्सर निवड, कारण नमूद करून.
कारणाचा चौकोन नखाएवढा.
मी लिहिलं : स्थानिक माहिती.
साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "सोर्स?"
व्हरांड्यात फरशीवरून बादली सरकली.
"विश्वसनीय," मी म्हटलं.
त्यांनीही ऐकलं असावं. सही केली.
एक्केचाळीस.

सोमवारी प्रवेश बैठक.
कार्यकारी अभियंता चहा मागवतील, बिस्किटं दोन प्रकारची,
मागणीपत्र वाचून मान डोलावतील,
मोजमाप पुस्तिका गेल्या पावसात भिजल्या म्हणतील.
तेही योजनेत धरलंय.
जोखीम : मध्यम.

निघता निघता नाफडे विचारतो,
मिनिटाला लिटर मोजायचे कशाने?
ह्याला परिपत्रक नाही.
दौऱ्याच्या कागदावर, लॅपटॉप आणि शिक्क्याच्या खाली,
मी हाताने वाढवलं :
घड्याळ, एक.
बादली, वीस लिटरची, एक.

साहेब दारातून वळले.
"बादलीची पावती ठेवा."